शुद्धिपत्र



आजच्या वाचनाला पसायदान आहे. ते मागणाऱ्याचं बालपण एका पत्रासाठी अडलं होतं, हे मनात ठेवून वाचूया.

विठ्ठलपंतांनी काशीला संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते परत संसारात आले. संन्यासी पुन्हा गृहस्थ झाला, तर शास्त्रात त्याला जागा नव्हती. आळंदीत घर वाळीत पडलं, मुलांच्या मुंजी अडल्या. धर्मसभेने सांगितलं, देहान्त प्रायश्चित्त. मुलांना तरी समाजात घेतील या आशेने आईवडिलांनी देह टाकला. तरीही चौघा भावंडांना सांगण्यात आलं, की पैठणहून शुद्धिपत्र आणा.

तो काळच धर्मनियम बांधण्याचा होता. हेमाद्रीने यादवांच्या देवगिरीत 'चतुर्वर्ग चिंतामणी' रचला. तिकडे युरोपात ११४० च्या सुमारास ग्रेशियनने चर्चचे नियम एकत्र केले होते. ११३९ च्या लॅटरन धर्मसभेने धर्मगुरूंचे विवाह रद्दबातल ठरवले, आणि अशा घरातल्या मुलाला धर्मगुरू व्हायचं तर खास सवलत मागावी लागे. म्हणजे आईबापाचा दोष लेकराच्या माथी, हे दोन्हीकडे सारखंच! नियमाने शिस्त येते हे खरं, पण सोसावं लागतं ते लेकरालाच.

पैठणला ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद बोलवले, अशी कथा आहे. जो आत्मा माझ्यात, तोच या रेड्यात, हे त्यांना दाखवायचं होतं. परतीच्या वाटेवर त्या रेड्याने जिथे देह ठेवला, तिथे म्हणजे जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी त्याची समाधी आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर आळेफाट्याला उतरलात, तर जाऊन या. वेदांचा अधिकार कुणाला, या वादाचं उत्तर लोकांनी तिथे अजून जपून ठेवलंय.

शास्त्राने इतकं दुखावूनही ज्ञानदेवांनी शास्त्र टाकलं नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला त्यांनी गीता मराठीत सांगितली आणि सगळ्यांसाठी खुली केली. तेव्हा वय जेमतेम पंधरा! शेवटी देवाकडे मागितलं काय? दुष्टांचा नाश नाही, त्यांच्यातला दुष्टपणा जावा एवढंच. ज्यांच्या निर्णयाने आईवडील गेले, तेही त्या मागण्यात आलेच की. १२९६ साली, एकविसाव्या वर्षी, त्यांनी आळंदीला समाधी घेतली.

आज कुणाच्या घरावरून, जातीवरून किंवा मागच्या चुकीवरून मनात शिक्का उठला, तर क्षणभर थांबा. आपणही कुणाकडे शुद्धिपत्र मागत नाही ना, एवढं तपासा. मग पसायदान म्हणा.

राम कृष्ण हरी.