जिथे शिकला, त्याच शहरावर चालून गेला!

घरच्यांनी एक करिअर ठरवलं आणि गाडी भलतीकडेच गेली, असं तुमच्या ग्रुपमध्येही कुणाचं तरी झालं असेल. अकराशे वर्षांपूर्वी बल्गेरियाच्या सिमेऑनचं तेच झालं.

राजा बोरिसचा हा धाकटा मुलगा. त्याने धर्मगुरू व्हावं म्हणून वडिलांनी त्याला बायझंटाइन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) शिकायला पाठवलं. तिथे तो ग्रीक शिकला आणि तिथल्या सत्तेची रीतही त्याला कळली. इकडे गादीवर बसलेला थोरला भाऊ व्लादिमिर नव्या ख्रिस्ती धर्मावर उलटला. मठात गेलेला बोरिस परत आला, त्याने पोटच्या पोराचे डोळे काढवले आणि ८९३ मध्ये सिमेऑनला राजा केलं.

पुढच्याच वर्षी ठिणगी पडली, तीही व्यापारावरून. बायझंटाइनांनी बल्गेरियन व्यापाऱ्यांचा बाजार राजधानीतून थेसालोनिकीला हलवला आणि कर वाढवला. सिमेऑनने युद्ध छेडताच त्यांनी त्याच्यावर मॅग्यार टोळ्या सोडल्या. याने काय करावं? बोलणी लांबवत वेळ काढला आणि मॅग्यारांवर पेचेनेग टोळ्या घातल्या. त्यांचाच डाव त्यांच्यावर! ८९६ मध्ये बल्गारोफिगॉनला त्याने बायझंटाइन फौज मोडली आणि वार्षिक खंडणी मिळवली.

९१३ मध्ये तो थेट कॉन्स्टँटिनोपलच्या तटापाशी पोचला. गादीवर लहानगा कॉन्स्टंटाइन होता. त्याच्याशी सिमेऑनच्या मुलीचं लग्न ठरलं. सम्राटाचा सासरा होणार म्हणजे सत्ता हातातच की! पण सम्राटाची आई झोई हिने शब्द फिरवला. चिडलेल्या सिमेऑनने २० ऑगस्ट ९१७ रोजी अखेलोसला बायझंटाइन सैन्याचा धुव्वा उडवला. उपयोग? शून्य. ९१९ मध्ये नौदलप्रमुख रोमानोसने आपली मुलगी कॉन्स्टंटाइनला दिली आणि पुढे स्वतःही सम्राट झाला.

तट भक्कम, सिमेऑनकडे आरमार नाही. २७ मे ९२७ रोजी तो गेला, शहर न जिंकताच. त्याच वर्षी त्याच्या मुलाचं, पीटरचं लग्न रोमानोसच्या नातीशी झालं आणि तह झाला.

मग उरलं काय? आपल्या राजधानीत, प्रेस्लाव्हमध्ये त्याने ग्रीक ग्रंथ स्लाव्ह भाषेत उतरवून घेतले. सिरिलिक लिपी तिथे रुजली, ती त्याच्याच काळात. आज युरोची नोट हातात आली तर नीट बघा, तीच लिपी तिच्यावर छापलेली दिसेल.