नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर, इ.स. १८६१, करजगाव, रत्नागिरी जिल्हा - ९ मे, इ.स. १९१९, मुंबई) हे मराठी कवी व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत वाङ्मयाचे काम केले.

इ.स. १८९३ मध्ये नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांची धर्मचर्चा झाली. निरोप घेताना त्याने नव्या कराराची प्रत दिली. प्रारंभी ग्रंथाविषयी फारशी ओढ नसतानाही, शब्द दिला म्हणून टिळक पेन्सिलीने खुणा करीत तो वाचू लागले. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी मात्र ते खिळून राहिले. आपल्या अनेक बिकट तात्त्विक प्रश्नांची उत्तरे तेथे आहेत, असे त्यांना वाटले.

१० फेब्रुवारी, इ.स. १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांना हा मोठाच आघात होता. चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर दोघांचा संसार पुन्हा सुरू झाला आणि इ.स. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. येशूच्या चरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे टिळकांचे महाकाव्य त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.