केळुसकर गुरुजींनी दिलेले पुस्तक

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर आपण दर १४ एप्रिलला भाषणे ऐकतो. राज्यघटना, चवदार तळे हे सर्वांना पाठ आहे. पण त्यांना शाळकरी वयात मिळालेल्या एका पुस्तकाविषयी मी यंदाच शाळेच्या कपाटातल्या पुस्तकात वाचलं. तेच इथे लिहिते.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महू येथे झाला. आई भीमाबाई लवकर वारल्या. वडील रामजी सुभेदार पलटणीतून निवृत्त झालेले. पुढे मुंबईत परळच्या चाळीत एकाच खोलीत बिऱ्हाड होतं. उशाशी जातं, पायथ्याशी शेळी, आणि मध्ये अभ्यास! पुस्तकाला पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या लेकीकडे जात, तिचा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून देत. शिस्त मात्र कडक. घरात रामायण-महाभारत रोज वाचावंच लागे.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर हे गुरुजीही येत. ते लेखक होते. शिवाजी महाराजांचं मोठं चरित्र त्यांनी मराठीत लिहिलं आहे. त्यांची आणि भीमरावांची ओळख झाली.

भीमराव परीक्षा पास झाले तेव्हा समाजातल्या लोकांनी सत्काराची सभा ठरवली. अस्पृश्य मानलेल्या घरातला मुलगा इतका शिकला याचंच केवढं अप्रूप! पण रामजी नको म्हणाले. पोराच्या डोक्यात हवा जाईल अशी त्यांना भीती. मग लोक केळुसकर गुरुजींकडे गेले. गुरुजींनी रामजींची समजूत घातली आणि सभा झाली. त्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भीमरावांना बक्षीस दिलं.

भीमरावांनी ते घरी नेऊन वाचून काढलं. आणि मग वडिलांना सरळ विचारलं, की तुम्ही आम्हाला बुद्धाविषयी का नाही वाचायला दिलं, रामायण-महाभारतच का? रामजी रागावले नाहीत. त्यांनी कारण सांगितलं. लोक आपल्याला हलकं समजतात, म्हणून मुलांनी स्वतःला हलकं समजू नये. द्रोण, कर्ण लहान घरातले, तरी किती वर चढले, हे मुलांना कळावं. भीमरावांना ते थोडं पटलं, पण पुरतं नाही. भीष्म-द्रोणांचं वागणं मला आवडत नाही, असं त्यांनी वडिलांना सांगून टाकलं. रामजी गप्प बसले. मला सगळ्या चरित्रात हीच जागा फार आवडली. मी ती तीनदा वाचली.

पुढे कॉलेजच्या फीची अडचण आली, तेव्हा केळुसकर गुरुजींनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजी वारले आणि त्याच वर्षी मुलगा अमेरिकेला शिकायला गेला. ते बघायला रामजी हवे होते, असं मला वाटतं.

पुस्तक मात्र मनातून गेलं नाही. दादरला घर बांधलं, त्याचं नाव राजगृह. बुद्धाच्या काळच्या नगराचं ते नाव. १९४६ साली मुंबईत कॉलेज काढलं, त्याचं नाव सिद्धार्थ. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांसह त्यांनी बौद्ध धम्म घेतला. पुस्तक हाती पडल्याला तेव्हा पन्नासएक वर्षं होत आली होती. त्याच वर्षी ६ डिसेंबरला ते गेले. त्यांनी लिहिलेला बुद्धावरचा ग्रंथ १९५७ साली छापून आला.

आमच्या घरी अण्णांना उलट विचारायची कुणाची टाप नाही. ताईची शाळा सातवीनंतर का थांबवली, हे मला त्यांना विचारायचं आहे. आज सभेला ते येणार आहेत. आधी हे वाचू देत.