उष्णता गेली कुठे? – जोसेफ ब्लॅक

चंचुपात्रातील बर्फ ढवळत मंद आचेवर तापवला, तरी तो पूर्ण वितळेपर्यंत तापमापी शून्यावरच थांबते. हा प्रयोग आपण प्रयोगशाळेत करतो आणि उत्तरपत्रिकेत ‘अप्रकट उष्मा’ लिहून गुणही मिळवतो. पण ही उष्णता जाते कुठे, हा प्रश्न ज्यांनी धसास लावला ते जोसेफ ब्लॅक आपल्या गुरुजींसारखेच शिक्षक होते, हे आम्हाला मुद्दाम सांगावेसे वाटते.

ब्लॅक यांचा जन्म १७२८ साली फ्रान्समधील बोर्दो येथे झाला. वडील मद्याचे व्यापारी. शाळा बेलफास्टला, वैद्यकाचे शिक्षण ग्लासगो व एडिंबरो येथे. १७५६ पासून ते ग्लासगो विद्यापीठात शिकवू लागले.

वितळण्याच्या बेतात आलेल्या बर्फाला जराशी उष्णता मिळाली की त्याचे पाणी होते, असा तेव्हा समज होता. ब्लॅक यांना तो पटेना. तसे असते तर थंडी सरताच डोंगरावरचा सारा बर्फ एकदम वितळून दरवर्षी महापूर आले असते!

१७६१च्या सुमारास त्यांनी काचेचे दोन सारखे गोल चंबू घेतले. दोन्हींत सारखेच पाणी. एकातले गोठवलेले, दुसऱ्यातले ३३ अंश फॅरनहाइटपर्यंत गार केलेले. दोन्ही एका मोकळ्या दालनात टांगून ठेवले. पाणी अर्ध्या तासात ७ अंशांनी तापून ४० अंशांवर आले. बर्फाच्या चंबूला तिथवर यायला साडेदहा तास, म्हणजे २१ पट वेळ लागला. २१ गुणिले ७ म्हणजे १४७. त्यातले ८ अंश पाणी तापण्यात गेले. उरलेली सुमारे १४० अंशांची उष्णता नुसत्या वितळण्यात खर्ची पडली होती. आजचा आकडा १४४ आहे. साधने कोणती? तापमापी, घड्याळ आणि भरपूर धीर. बालमित्रांनो, तुमची वजाबाकीही इथे कामास येते!

पाण्याची वाफ होतानाही असेच घडते, हे त्यांनी पुढे मोजले. त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅट यांना थोड्याशा वाफेने पुष्कळ पाणी कसे तापते, याचे कोडे पडले होते. ते ब्लॅक यांनी उलगडून दिले. पुढे वॅट यांना वाफेच्या इंजिनासाठी पैशाची मदतही केली.

१७६६ पासून ब्लॅक एडिंबरोला शिकवू लागले. त्यांचे वर्ग भरलेले असत, पण अप्रकट उष्म्याचा शोध त्यांनी स्वतः कधीच छापला नाही. १७९९ साली ते वारले. त्यांची व्याख्याने १८०३ साली पुस्तकरूपाने आली. तोवर हा शोध जगभर पोहोचला होता, तो मुख्यतः त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्गात उतरवून घेतलेल्या वह्यांतून.