घटसर्प, प्लेग आणि क्षय पाहिलेला राजा : नाल्वडी कृष्णराज वडियार

म्हैसूर : म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार 1894 च्या डिसेंबरमध्ये कोलकात्याच्या दौऱ्यावर असताना घटसर्पाने निवर्तले, तेव्हा त्यांचे ज्येष्ठ पुत्र कृष्णराज अवघे दहा वर्षांचे होते. राज्याची सूत्रे राजमाता वाणीविलास सन्निधान यांनी हाती घेतली. पुढे आधुनिक म्हैसूरचे शिल्पकार म्हणून ज्यांची ख्याती झाली, त्या चौथ्या, म्हणजेच कन्नडमधील ‘नाल्वडी’, कृष्णराज वडियार यांच्या आयुष्यात रोगराईने असा लवकर प्रवेश केला. धरणे, विद्यापीठ आणि वीजनिर्मिती यांसाठी त्यांचे स्मरण नेहमीच केले जाते. आरोग्यनीतीतील त्यांच्या कामाची चर्चा त्या मानाने फारच कमी होते.

कृष्णराज चौदा वर्षांचे असताना, 1898 मध्ये, मुंबई-पुण्याकडून पसरत गेलेला प्लेग बंगळुरूत पोहोचला आणि लवकरच म्हैसूर शहरातही शिरला. पुण्यात आदल्याच वर्षी प्लेगबंदोबस्ताच्या जुलमाने रँडचा बळी घेतला होता. म्हैसूर संस्थानात प्लेग आयुक्त म्हणून नेमले गेलेले व्ही. पी. माधवराव हे कुंभकोणमकडील मराठी घराण्यातले. पुढे ते संस्थानचे दिवाणही झाले. तपासणी व विलगीकरणाला येथेही विरोध झालाच. श्रीरंगपट्टणजवळील गंजाम येथे तर दंगल उसळली. लोकांचा विश्वास नसेल तर साथीचा बंदोबस्त हेच नवे संकट वाटू लागते, हे संस्थानने तेव्हा जवळून पाहिले.

8 ऑगस्ट 1902 रोजी, अठराव्या वर्षी, कृष्णराजांनी राज्यकारभार स्वीकारला. पुढच्याच वर्षी म्हैसूरसाठी नगरसुधार मंडळ स्थापन झाले. प्लेगनंतर मुंबईत असे मंडळ आधीच निघाले होते. दाटीवाटीची वस्ती मोकळी करणे, गटारे बांधणे, नव्या वसाहती आखणे हे त्याचे काम. आज पर्यटक ज्या रुंद रस्त्यांचे कौतुक करतात, त्यांच्यामागे शोभेच्या हौसेइतकीच उंदीर आणि पिसवांची धास्तीही होती.

राजवाड्याच्या भिंतींना मात्र रोग अडवता आला नाही. महाराजांच्या भगिनी कृष्णाजम्मण्णी आणि त्यांच्या कन्या क्षयाने गेल्या. क्षयावर त्या काळी औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढाच उपचार होता, आणि रुग्णाला लपवून ठेवण्याची रीत सर्व थरांत होती. महाराजांनी बहिणीच्या नावाने म्हैसूरमध्ये क्षयरोग आरोग्यधाम उभारले. राजघराण्यातील स्त्रीचे नाव अशा बदनाम आजाराच्या रुग्णालयाला देणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूंमागे आजही क्षय हेच प्रमुख कारण असते, आणि म्हणूनच राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्ही रोगांच्या तपासण्या एकमेकांना जोडलेल्या आहेत.

त्यांच्या कारकिर्दीतील एका निर्णयाकडे आज वेगळ्या नजरेने पाहावे लागते. 1909 मध्ये संस्थानने आपल्या अखत्यारीतील मंदिरांत देवदासींची सेवा बंद केली. देशात या प्रथेविरुद्ध उचललेल्या पहिल्या सरकारी पावलांपैकी ते एक होते आणि सुधारकांनी त्याचे स्वागत केले. म्हैसूरपासून जवळच असलेल्या नंजनगूडच्या श्रीकंठेश्वर मंदिरातील देवदासींनी आपली सेवा परत मिळावी म्हणून अर्ज केले होते. ते मान्य झाले नाहीत. प्रथा अन्याय्य होती, यात शंका नाही. परंतु मंदिराचा आधार सुटलेल्या स्त्रियांनी पुढे जगायचे कसे, हा प्रश्न आदेशाच्या कक्षेत आलाच नाही. तो त्या स्त्रियांवरच सोडून देण्यात आला.

याच शहरात सुमारे शतकानंतर नेमक्या उलट दिशेने काम सुरू झाले. देशात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 मध्ये चेन्नईत झाली आणि 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम आला. म्हैसूरमध्ये 2004 पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी ‘अशोदया समिती’च्या माध्यमातून हे काम स्वतःच्या हाती घेतले. निरोधचे वाटप, लैंगिक आजारांची तपासणी, पोलिसांशी बोलणे, सहकारी स्त्रियांना दवाखान्यात नेणे ही कामे त्या स्वतः करू लागल्या. संमतीविना चाचणी आणि बाधितांशी भेदभाव यांना मनाई करणारा केंद्रीय कायदा 2017 मध्ये झाला.

कृष्णराजांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी आरोग्यनिर्णय 1930 चा. दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या काळात म्हैसूर सरकारने बंगळुरू व म्हैसूर येथील सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा आदेश काढला. सरकारने चालविलेली जगातील पहिली अशी केंद्रे म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. महाराजांना राजर्षी म्हणणाऱ्या गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता, हे लक्षात घेतले की या आदेशाचे वजन कळते. मराठी वाचकाला येथे रघुनाथ धोंडो कर्वे आठवल्यावाचून राहणार नाहीत. 1921 मध्ये मुंबईत स्वतःच्या हिमतीवर संततिनियमन केंद्र काढणाऱ्या आणि गुप्तरोगांविषयी उघडपणे लिहिणाऱ्या कर्वे यांना ‘समाजस्वास्थ्य’मधील लेखनासाठी 1931 मध्ये दंड झाला. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी त्यांना पुन्हा दंडच भरावा लागला. एका राज्यात संततिनियमनाचे काम सरकारी रुग्णालयात होत होते, तर शेजारच्या प्रांतात लैंगिक विषयांवर उघडपणे लिहिणे अश्लीलतेचा गुन्हा ठरत होते.

त्याच सुमारास अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने संस्थानात सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. कृष्णराजसागराच्या कालव्यांनी मंड्याच्या परिसरात ऊस आणला आणि त्यासोबत हिवतापही वाढला. राज्याने स्वतःच निर्माण केलेल्या समृद्धीची ही किंमत होती. डासनिर्मूलन आणि ग्रामीण आरोग्य पथकाचे प्रयोग म्हणून मंड्यातच झाले. इतिहासाच्या पुस्तकांत धरणाला प्रकरण मिळते. या पथकांना फार तर एखादी ओळ.

महाराजांना स्वतःला अपत्य नव्हते. धाकटे बंधू व युवराज कंठीरव नरसिंहराज 1940 च्या मार्चमध्ये वारले, आणि त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, 3 ऑगस्ट रोजी, बंगळुरूच्या राजवाड्यात हृदयविकाराने कृष्णराज वडियार यांचे निधन झाले. ते 56 वर्षांचे होते. गादीवर पुतणे जयचामराजेंद्र आले. बहिणीच्या नावाचे आरोग्यधाम मात्र क्षयावर औषध सापडल्यानंतरही बंद पडले नाही.