नान्सेनचे हिवाळे

महिनोन् महिने चालणारी रात्र मराठी वाचकाला अगदीच परकी नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हापासून ती दीर्घ उषा आणि ती दीर्घ रात्र आपल्या बैठकींतल्या चर्चेत येऊन बसली. त्या सिद्धान्ताचे खरेखोटे पंडितांनी पाहावे. आम्हांस आठवण होते ती एका नॉर्वेजियन गृहस्थाची. टिळकांचा ग्रंथ निघण्याच्या सात वर्षे आधी तो तशा तीन रात्री प्रत्यक्ष काढून घरी परतला होता. त्याचे नाव फ्रिट्यॉफ नान्सेन.

१० ऑक्टोबर १८६१ रोजी क्रिस्तियानियाजवळ, म्हणजे आजच्या ऑस्लोजवळ, त्याचा जन्म झाला. आपल्या माळव्यात थंडीचा कडाका पडला की माणूस शेकोटीकडे सरकतो आणि रजईत शिरतो. नॉर्वेच्या पोराला हिवाळा म्हणजे दार उघडणारा ऋतू. तळी गोठली, दलदली झाकल्या गेल्या, की पायांना लाकडी फळ्या बांधून वाटेल तिकडे जाता येते. नान्सेन शिकला प्राणिशास्त्र, विसाव्या वर्षी बर्गनच्या संग्रहालयात नोकरीस लागला. पण जीव रमला तो फळ्यांवर.

१८८८ साली पाच सोबती घेऊन तो ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडावयास निघाला. सुरुवात त्याने निर्जन पूर्व किनाऱ्यापासून केली, म्हणजे परतीचा मोह नको. हे धाडस खरे, पण त्यात सोबत्यांच्या जिवाचाही पण लावलेला होता. बरोबरच्या दोन सामी माणसांचा जन्म बर्फातच गेलेला, तरीही हा मनुष्य आपल्याला मरणाकडे नेत आहे असे भय त्यांना वाटे. थंडी कमी ठाऊक असलेला नव्हे, जास्त ठाऊक असलेला माणूस अधिक भितो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ३ ऑक्टोबरला नान्सेन पश्चिमेकडील गोटहोबला पोहोचला, पण त्या वर्षी स्वदेशी परतण्याची सोय उरली नव्हती. मग तो हिवाळा त्याने एस्किमो लोकांत काढला. कायाक नावाची कातड्याची होडी वल्हवावयास तो त्यांच्याकडून शिकला, त्यांच्या घरांत बसला, त्यांचे खाणे खाल्ले. या लोकांना हिवाळ्याशी झुंजायचे नव्हते, त्यात राहायचे होते. १८९१ साली त्यांच्यावर त्याने पुस्तक लिहिले, आणि युरोपीयांच्या सहवासाने त्यांचे किती नुकसान झाले हेही त्यात निर्भीडपणे सांगितले.

पुढे 'फ्राम' जहाज आले. गोल बुडाचे, बर्फाने दाबले तर चिरडण्याऐवजी वर उचलले जाईल असे. सैबेरियाच्या उत्तरेस ते मुद्दाम बर्फात अडकवून घ्यायचे व प्रवाहाबरोबर ध्रुवाकडे वाहत जायचे, अशी योजना. जून १८९३ मध्ये तेरा माणसे निघाली. जहाजावर पवनचक्कीवर चालणारा विजेचा दिवा होता, ग्रंथसंग्रह होता, अन्न मुबलक होते. कप्तान स्वेर्डरुप शांतपणे दिवस मोजीत बसला. नान्सेनला मात्र ती ऊबच सोसेना. अखेर १४ मार्च १८९५ रोजी ह्यालमार योहान्सेन नावाच्या खलाशाला घेऊन तो कुत्र्यांच्या गाड्यांसह ध्रुवाकडे निघाला. ८ एप्रिलला ८६ अंश १४ कलांपर्यंत पोहोचून त्याला मागे फिरावे लागले. तोवर इतक्या उत्तरेस कोणीही गेले नव्हते.

परतताना फ्रान्झ जोसेफ बेटांत हिवाळ्याने गाठले. दोघांनी दगड, शेवाळ आणि वॉलरसच्या कातड्यांचे खोपटे बांधले. आढ्याला एक वाहून आलेला ओंडका. सुमारे नऊ महिने त्यात काढले. अस्वलाचे मांस खावे, चरबीचा दिवा लावावा, आणि झोपावे. कधी कधी दिवसाचे वीस तास. नाताळच्या सणाला अंगातले मळके कपडे उलटसुलट करून घातले, एवढीच चैन. गंमत अशी की, उपासमारीची भीती असलेल्या या दोघांचे वजन त्या हिवाळ्यात चांगलेच वाढले!

दोघे एकाच झोपण्याच्या पिशवीत निजत, तरी एकमेकांना 'अहो-जाहो' करीत. साहेब आणि खलाशी हे अंतर ध्रुवाजवळही वितळले नव्हते. वर्षअखेरच्या रात्री नान्सेनने 'अरे-तुरे' करण्याची सूचना केली, असे सांगतात. जून १८९६ मध्ये जॅक्सन नावाचा इंग्रज शोधक त्यांना अकस्मात भेटला व ते सुटले. 'फ्राम'ही सर्वांसह सुखरूप परतले.

नान्सेनचा जगभर जयजयकार झाला. योहान्सेन मात्र पुढे दारूच्या आहारी गेला. अमुंडसेनच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत मालकाशी भांडला, आणि जानेवारी १९१३ मध्ये त्याने स्वतःच्या हाताने जीवन संपविले. एकाच खोपट्यातला तो हिवाळा दोघांना सारखा लाभला नाही. कीर्तीच्या वाटणीत धाकट्याला काय आले, हे नान्सेनच्या चरित्रकारांनीही जरा अधिक विचारावयास हवे होते.

आणि मग १९२१. व्होल्गाकाठी भीषण दुष्काळ पडला. नान्सेन जिनीव्हाला राष्ट्रसंघापुढे उभा राहिला. एका युद्धनौकेच्या निम्म्या किमतीइतके पैसे, ५० लाख पौंड, त्याने कर्जाऊ मागितले. अमेरिकेत धान्य पडून होते, जहाजे रिकामी होती, आणि नद्या गोठण्यास थोडेच आठवडे उरले होते. रशियाच्या नव्या राजवटीचा संशय धरून सरकारांनी नकार दिला. ज्याने हिवाळ्याला खेळगडी मानले, तोच आता तारखा मोजून हिवाळ्याची भीती घालीत होता. खाजगी वर्गणीवर त्याने काम चालविले. अमेरिकेची मदत त्याहून कितीतरी मोठी होती, हेही सांगितले पाहिजे. वर्षाच्या अखेरीस तो स्वतः त्या भागात गेला. जमीन इतकी गोठलेली की कबरी खणता येत नव्हत्या. प्रेते रचून ठेवलेली. त्याने छायाचित्रे घेतली व ती घेऊन व्याख्याने देत हिंडला. १९२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. ते पैसेही त्याने मदतकार्याकडे वळविले.

फेब्रुवारी १९३० मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, मित्रांबरोबर तो पुन्हा फळ्यांवर गेला होता. हा गडी आज मागे पडतो आहे, लवकर थकतो आहे, हे सोबत्यांच्या लक्षात आले. परतल्यावर त्याला फ्ल्यूने गाठले, आणि १३ मे रोजी आपल्या राहत्या घरी त्याचा अंत झाला.