लोहाराचा मुलगा : मायकेल फॅरडे

काही घरांत भांडी धुण्याचे यंत्र असते. त्याला डिशवॉशर म्हणतात. पाणी किती तापले, हे या यंत्राला कसे कळते? त्यासाठी त्यात सेन्सर नावाचा एक लहानसा भाग असतो. तो बिघडला की पाणी गार राहते, भांडी तेलकट निघतात किंवा यंत्र मध्येच बंद पडते. हा भाग ज्या गुणधर्मावर चालतो, तो एका लोहाराच्या मुलाने शोधून काढला. त्याचे नाव मायकेल फॅरडे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहारकाम करीत, पण ते सतत आजारी असत. घरात गरिबी होती. शाळेत मायकेल जेमतेम लिहा-वाचायला आणि थोडे हिशेब करायला शिकला. तेराव्या वर्षी तो एका पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला. तेथे तो पुस्तके बांधायला शिकला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचूही लागला. विश्वकोशातील विजेवरचा लेख वाचून तो भारावून गेला.

१८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला सर हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने व्याख्याने लिहून काढली, आकृत्या काढल्या, वही सुरेख बांधली आणि डेव्हींना पाठवली. १८१३ मध्ये डेव्हींनी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत मदतनीस म्हणून घेतले. पुढे युरोपच्या प्रवासात डेव्हींच्या पत्नीने त्याला नोकरासारखे वागवले. तो दुखावला, परंतु शिकण्याची संधी त्याने सोडली नाही.

१८३१ मध्ये फॅरडे यांनी चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करून दाखवली. दोन वर्षांनी त्यांना एक नवल दिसले. धातू तापला की त्यातून वीज कमी वाहते. परंतु चांदी आणि गंधक यांचे संयुग दिव्यावर तापवताच त्यातून वीज अधिक वाहू लागली. दिवा काढताच ती पुन्हा कमी झाली. हे नेहमीच्या अनुभवाच्या उलट होते. फॅरडे यांनी ते चूक म्हणून सोडून दिले नाही. जे दिसले ते नीट लिहून ठेवले.

सुमारे शंभर वर्षांनी, १९३० च्या दशकात, याच गुणधर्मावर चालणारे थर्मिस्टर बाजारात आले. बहुतेक डिशवॉशरचा सेन्सर म्हणजे असाच थर्मिस्टर होय. तो बिघडल्याची शंका आली, तर कारागीर प्रथम यंत्राचा प्लग काढतो. तारा सैल झाल्या आहेत का, ते पाहतो. मग सेन्सर सोडवून मल्टीमीटरला जोडतो आणि गरम पाण्यात धरतो. विजेला होणारा विरोध कमी होत गेला, तर सेन्सर चांगला आहे. दोष दुसरीकडे शोधायचा. आकडा हललाच नाही, तर सेन्सर बदलायचा. नकळत तो फॅरडे यांचाच प्रयोग पुन्हा करीत असतो!

फॅरडे यांना 'सर' हा किताब देऊ केला होता. तो त्यांनी नाकारला. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. मुलांनो, प्रयोगात अपेक्षेपेक्षा वेगळे काही दिसले, तर ते खोडू नका. वहीत लिहून ठेवा.

शब्दार्थ : जेमतेम – कसेबसे, भारावून जाणे – मनावर खोल परिणाम होणे, किताब – पदवी.

स्वाध्याय
१. मायकेलला विजेची गोडी कशी लागली?
२. सेन्सर चांगला आहे की नाही, हे कारागीर कसे ओळखतो?